सरपंचबाई कुठल्या गावच्या?

अक्का, मी नववीत आहे. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतो. पप्पा पॉवरलूमवर आहेत, आई विड्या वळते. आमच्या मराठी शाळेत आंतरशालेय स्पर्धेसाठी एकांकिका बसवतायत. त्यात मला सरपंचबाईंचं मुख्य काम मिळालं होतं. आठ दिवस तालीम झाली. मग सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या बोलण्यात तेलुगू हेल आहे, परीक्षक मार्क कापतील." काम दुसरीला दिलं आणि मला बॅकस्टेजला टाकलं. आता मुली माझीच वाक्यं माझ्या हेलात म्हणून चिडवतात. पप्पा म्हणतात, बरं झालं, पुढच्या वर्षी दहावी आहे. मला तर पुढे नाटकच शिकायचंय. माझं मराठी सुधारेल का? बॅकस्टेज सोडून देऊ का? शाळेत नाटक हा विषय का नसतो? आणि पप्पांना काय सांगू?
– नववीतली एक मुलगी, सोलापूर

बाळा,

तू पत्राच्या सुरुवातीलाच 'अक्का' लिहिलंस आणि मी तिथेच थबकले. तुमच्या तेलुगूत थोरली बहीण अक्का, आमच्या कन्नडातही अक्काच. माझ्या माहेरी कन्नड, शाळा मात्र मराठी. या सदरात मला कुणी ताई म्हणतं, कुणी बाई, कुणी मॅडम. अक्का म्हणणारी तू पहिली. म्हणून आजचं उत्तर जरा लांबणार आहे.

आधी हे ऐक. कुठलं काम कुणाला द्यायचं हे दिग्दर्शकानं ठरवायचं असतं, आणि तालमीच्या मध्यात कामं बदलतातही. तुझ्या सरांनी ते केलं, ते मी समजू शकते. पण सगळ्या मुलांसमोर तुझ्या घरच्या भाषेकडे बोट दाखवणं चुकलंच. तुला वाईट वाटलं ते योग्य वाटलं. त्याबद्दल स्वतःला 'मी फार मनाला लावून घेते' असं काही सांगत बसू नकोस.

हे मी वरवर सांगत नाही. १९८४ साली मीही नववीतच होते. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला आजीचं काम मिळालं होतं. एका तालमीत मी 'भाकरी'ला 'बाकरी' म्हणाले. सगळे हसले, आणि बसवणारे गुरुजी म्हणाले, "हिच्या तोंडात कानडी आहे, हिला टेपवर बसवा." मी शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या पडद्याआड, टेपरेकॉर्डरपुढे उकिडवी बसले.

तेव्हा कॅसेटचा जमाना. कोंबडा, पाऊस आणि आगगाडीची शिट्टी असे तीन आवाज होते. प्रत्येक आवाज कुठे आहे तो काउंटरचा आकडा वहीत लिहून ठेवायचा आणि कॅसेट तिथे आणून वाट बघत बसायचं. शिट्टीची जागा अवघड होती. आजी म्हणते, "जा बाबा, जा," आणि लगेच शिट्टी. मी वाक्य संपलं की बटण दाबायचे. पण टेप फिरायला लागून आवाज यायला जो क्षण जायचा, त्यात सगळं सांडून जायचं. पाच-सहा तालमी अशा गेल्या. मग एक दिवस लक्षात आलं, आजी झालेली मुलगी ते वाक्य म्हणायच्या आधी खांदे किंचित उचलून श्वास घेते. मी वाक्य ऐकून बटण दाबणं सोडलं आणि तिच्या खांद्यांकडे बघायला लागले. ती शेवटचा 'जा' म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बोट खाली. शिट्टी बरोबर शब्दाच्या पाठीला पाठ लावून आली. नाटकात समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकावा लागतो, हे मला कुणी शिकवलं नाही, त्या विंगेनं शिकवलं. आजीचं काम गेल्याचं दुःख मात्र त्यानं भरून निघालं नाही. पंचावन्नी ओलांडली तरी ते आहे. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगते.

आता तुझ्या सरपंचबाईंकडे येऊ. मला तुझ्या सरांना एकच विचारायचं आहे: या सरपंचबाई कुठल्या गावच्या? संहितेत गावाचं नाव नसेल तर ते ठरवणं हे नट-दिग्दर्शकाचं पहिलं काम. आपल्या जिल्ह्यात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कितीतरी गावांत घराघरात कन्नड आहे. तिथली बाई ग्रामसभेत मराठीतून बोलायला उभी राहिली की तिच्या मराठीला कन्नडचा वास येतोच. शहरात तुमच्या पूर्व भागात तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू. आपलं सोलापूरच चार भाषांचं आहे. शुद्ध पुणेरी बोलणारी सरपंचबाई आपल्याकडे आणली तर उलट तीच कुठून आली असं विचारावं लागेल. 'काय करालास बे?' हे आपल्या गावचं मराठी आहे आणि रंगमंचावर ते ऐकून आपला प्रेक्षक खुर्चीत पुढे सरकून बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पण इथे मी तुला एक कडू गोष्टही सांगणार आहे. घरचा हेल असणं वेगळं आणि त्याखेरीज दुसरं काही जमत नसणं वेगळं. उद्या तुला पुण्याची वकीलबाई करायची असेल, कोकणातली म्हातारी करायची असेल, तर तुझ्या जिभेला तिकडे जाता आलं पाहिजे आणि परत घरीही येता आलं पाहिजे. नटीचं तोंड अनेक घरांत वावरणारं हवं. त्यामुळे 'माझं मराठी सुधारेल का' हा तुझा प्रश्न मी थोडा बदलते. तुझं मराठी बिघडलेलं नाही. तुला त्यात आणखी एक प्रकार शिकायचाय, आणि तो शिकता येतो.

तुमच्या तेलुगूत आणि आमच्या कन्नडात रोजच्या बोलण्यात ख, घ, थ, ध, भ ही जोराच्या श्वासाची अक्षरं मऊ होतात. लिहिताना असतात, बोलताना गळतात. म्हणून घराचं 'गर' होतं, धरणाचं 'दरण'. यावर उपाय असा. वहीच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी काप आणि ओठांपासून चार बोटांवर धर. 'कार' म्हण. पट्टी जेमतेम हलेल. आता 'खार' म्हण. फडफडली पाहिजे. 'ताट' आणि 'थाट', 'टक' आणि 'ठक'. मग पट्टी ठेवून दे आणि तळहात ओठांसमोर धरून 'गर, घर', 'दार, धार', 'बात, भात' म्हण; घ-ध-भ ला वाफेचा ऊबदार धक्का तळव्याला लागला पाहिजे. रोज दहा मिनिटं, आरशासमोर. मी हे पुढे कित्येक मुलांकडून करून घेतलं. साधारण दीड-दोन महिन्यांत कानाला फरक कळायला लागतो, आणि कानाला कळला की जिभेला वेळ लागत नाही.

दुसरी अडचण लिंगाची. 'पुस्तक आला', 'ताट पडली' असं होत असणार. त्याला व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसू नकोस. स्वयंपाकघरात काम करताना प्रत्येक वस्तूला तिचा तो-ती-ते लावून नाव घे: तो तवा, ती भाकरी, ते ताट, ती शेंगाचटणी, ते लाटणं, तो पेला. शब्द एकटा पाठच करायचा नाही, जोडीनेच करायचा.

राहिला हेल. तो सर्वांत चिवट, कारण तो अक्षरात नसतो, वाक्याच्या चढउतारात असतो. आपली माणसं वाक्याचं शेपूट जरा लांबवतात आणि वर उचलतात. यासाठी सकाळी आकाशवाणीवरच्या मराठी प्रादेशिक बातम्या लाव. निवेदकाचं वाक्य कानावर पडत असतानाच, त्याच्या मागे सावलीसारखं, पुटपुटत म्हणत जा. अर्थाकडे बघू नकोस, सूर कुठे बसतो तेवढं पकड. मग तोच मजकूर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवणार नाही, कुणालाच ऐकवत नाही. तिसऱ्या दिवशी सवय होते.

आणि हे सगळं करताना घरचं तेलुगू एक कणभरही कमी करू नकोस. आईशी मराठीत बोलायला लागू नकोस 'सराव' म्हणून. लहानपणापासून दोन भाषांमध्ये वाढलेल्या मुलीचा कान तयार असतो. कुठल्या माणसाशी कुठल्या सुरात बोलायचं हे तू पाच वर्षांची असल्यापासून ठरवत आलीयस: दुकानात एक, घरी एक, शाळेत एक. एकाच भाषेत वाढलेल्या नटाला हे मोठेपणी मेहनतीनं मिळवावं लागतं.

सरांशी बोल. चिडून नको, रडून नको, आणि तालमीच्या गर्दीत तर नकोच. मधल्या सुट्टीत एकटी जाऊ नकोस, एखादी मैत्रीण बरोबर घे. म्हण, "सर, मला काम परत द्या असं मी म्हणत नाही. पण माझे कुठले शब्द चुकतात ते मला वहीत लिहून द्याल का? मी त्यावर काम करतेय. आणि सरपंचबाई अक्कलकोटकडच्या धरल्या तर चालेल का, एवढा विचार कराल का?" एवढंच. उत्तर काहीही येवो. चांगला शिक्षक असेल तर त्या रात्री तो विचार करेल. चिडवणाऱ्या मुलींचं मात्र सरांकडे नको, वर्गशिक्षिकेकडे ने आणि नावानिशी सांग. चहाडी केली असं मुळीच वाटू देऊ नकोस. एका मुलीच्या घरच्या भाषेची शाळेत टिंगल होते हे बाईंना कळायलाच हवं.

बॅकस्टेज सोडू नकोस. का ते सांगते.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला आहे: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा, आणि आहार्य. आहार्य म्हणजे वेशभूषा, रंगभूषा, जी बाहेरून आणून अंगावर चढवतात. बघ, म्हणजे सरपंचबाईंच्या साडीची घडी, कपाळावरचं कुंकू, हातातली पिशवी हे भरताच्या हिशेबात 'मागची कामं' नाहीतच, तो अभिनयच आहे. तुला ज्यांनी 'मागे टाकलं' त्यांनी प्रत्यक्षात तुला अभिनयाच्या एका चतुर्थांशाची किल्ली दिलीय.

म्हणून काम मागून घे. 'मला काहीही द्या' म्हणू नकोस, नाहीतर खुर्च्या मांडायला लावतील. प्रॉम्प्टिंग माग, म्हणजे नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच शब्द पुरवायचं काम. प्रॉम्प्टर हा नाटक सर्वांत जास्त ऐकणारा माणूस. कुठली मुलगी कुठल्या शब्दाशी अडखळते, कुठला पॉझ ठरवून घेतलाय आणि कुठला विसरल्यामुळे आलाय, हे त्यालाच कळतं. ठरवून घेतलेल्या पॉझमध्ये घाईनं शब्द पुरवला तर नटाचा घात होतो, आणि विसरलेल्या ठिकाणी अर्धा क्षण उशीर झाला तरी घात होतो. हे ओळखायला शिकलीस तर पुढे आयुष्यभर सहकलाकार तुझ्यावर विसंबून राहतील. प्रॉम्प्टिंग नाही मिळालं तर प्रॉपर्टी माग, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू सांभाळायचं काम. एक वही कर. प्रत्येक प्रवेशात कोण कुठल्या विंगेतून येतं, हातात काय घेऊन येतं, काय ठेवून जातं, ते लिही. पत्र टेबलावर राहिलं आणि पुढच्या प्रवेशात ते खिशातून काढायचं असेल तर मधल्या काळोखात ते खिशापर्यंत पोचवणं तुझं काम. शिवाय प्रयोगाची कागदपत्रं असतात: लेखकाचं परवानगीपत्र, संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. आपल्या राज्यात स्पर्धांचे आयोजक ही कागदं मागतात. ती फाइल कशी असते ते एकदा बघून ठेव. मोठमोठ्या नटांना हे माहीत नसतं आणि मग ऐन वेळी धावपळ होते.

आणि घरात बसून काय शिकायचं? आईला विड्या वळताना बघ. बघ म्हणजे खरंच बघ, वही-पेन न घेता. मांडीवर सूप, त्यात तंबाखू. भिजवून मऊ केलेलं पान कात्रीनं मापात कापलेलं. चिमटीत तंबाखू येते ती दर वेळी तेवढीच. बोटं पान गुंडाळतात, दोऱ्याचा वेढा पडतो, तोंड दुमडून बंद होतं, आणि या सगळ्यात तिची नजर हातांवर नसतेच. ती शेजारणीशी बोलत असते, दारातून कोण गेलं ते बघत असते, हजार विड्यांचा हिशेब मनात चालू असतो. आता तेच तू सूप, पान, तंबाखू काहीही न घेता, रिकाम्या हातांनी करून बघ. पहिल्या दिवशी पान हवेत गायब होईल, दोरा कुठून आला ते कळणार नाही. आठवड्यानं हाताला वजन कळायला लागेल. त्या हातांनी काम चालू ठेवून सरपंचबाईंचं ग्रामसभेतलं भाषण म्हणून बघ. बाई ठराव मांडतेय आणि हात विड्या वळतायत. तुझ्या आवाजात काय बदलतं ते ऐक. अशी बाई सोलापूरच्या कुठल्याही नाटकात उभी राहिली तर मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गड्ड्यावर जाशीलच. एक संध्याकाळ पाळण्यात न बसता नुसती ओरडणाऱ्या दुकानदारांपाशी थांब. तासन् तास ओरडून ज्याचा घसा बसत नाही तो कुठून श्वास घेतो, ते त्याच्या पोटाकडे बघून कळतं. पप्पांनाही विचार, लूमच्या खटखटाटात शेजारच्या मागावरच्या माणसाला हाक कशी मारतात.

शाळेत नाटक विषय का नसतो, हा तुझा प्रश्न मलाही तीस वर्षं पडलेला आहे. आपल्या राज्य मंडळाच्या नेहमीच्या शाळांत नाटक वेळापत्रकात नसतं, ते स्नेहसंमेलनाच्या आधीच्या महिनाभरात उगवतं आणि मावळतं. काही परदेशी मंडळांच्या शाळांत ड्रामा हा चक्क परीक्षेचा विषय असतो. मुलं प्रयोग करतात, त्याची वही लिहितात, त्यावर गुण मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अभ्यास आणि कला यांच्यात भिंत नको असं लिहिलंय. लिहिलेलं तुमच्या शाळेपर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही पाच-सहा जणींनी शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास नाट्यवाचन सुरू करा. पडदा नको, दिवे नकोत, एका बाईंची परवानगी आणि एक रिकामा वर्ग. मराठीच्या पाठ्यपुस्तकात संवाद असलेले पाठ असतातच, तिथून सुरुवात करा. हे दहावीतही चालू ठेवता येतं. दहावीत दिवाळीनंतर मोठं नाटक घेऊ नकोस, एवढंच माझं म्हणणं.

आता पुढचा भाग पप्पांना वाचून दाखव.

दादा, नमस्कार. तुमची काळजी मला कळते. दिवसभर मागावर उभं राहून तुम्ही मुलीला शिकवताय आणि ती नाटकाचं म्हणतेय, तर छातीत धस्स होणारच. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. नाटकात महिन्याच्या एक तारखेला पगार येत नाही. आपल्या सोलापुरात वर्षानुवर्षं उत्तम हौशी नाटक करणारी बहुतेक माणसं दिवसा बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करतात आणि संध्याकाळी तालमीला येतात. पण हेही बघा. डॉ. जब्बार पटेल शाळेत आपल्या सोलापुरात शिकले, मुलांचे डॉक्टर झाले आणि मराठी रंगभूमीवरचे फार मोठे दिग्दर्शकही झाले. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. अतुल कुलकर्णी इथल्या नाट्य आराधना या हौशी संस्थेत काम करून मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९९५ साली तिथून बाहेर पडले. प्रत्येक मुलगी तिथे पोचेल असं मी म्हणत नाही. नाटक केलं म्हणून शिक्षण बुडतंच असं नाही, एवढंच दाखवते.

उलट, नाटक नीट शिकायचं तर शिक्षण लागतंच. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं, तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्याला आधी पदवी लागते आणि किमान सहा नाटकांतल्या कामाचा अनुभव. निवड झालेल्यांना शिष्यवृत्ती मिळते. बारावीनंतर लगेच शिकायचं तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाची बीए आहे. प्रवेशाच्या वेळी करून दाखवावं लागतं. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समध्ये पदवीनंतर नाटकाची पुढची पदवी घेता येते. माझं मत विचाराल तर बारावी इथेच होऊ द्या, मार्क चांगले पडू द्या. मग बीए पुण्याला नाटकात करायची की सोलापुरातच एखादा विषय घेऊन कॉलेजच्या युवा महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, पथनाट्य करत पदवी घ्यायची आणि मग दिल्लीची तयारी करायची, ते तेव्हा दोघं बसून ठरवा. आज नववीत त्याचा निर्णय करायची गरज नाही. आज फक्त एवढं करा, तिला आठवड्यातले दोन तास द्या आणि ते दोन तास तोंड वाकडं न करता द्या.

काळजी घ्यायची ती वेगळ्या जागी घ्या. तालमीला एक शिक्षिका हजर असते का, ते शाळेत जाऊन विचारा. अंधार पडायच्या आत तालीम सुटली पाहिजे, आणि कुणी 'एकटीची खास तालीम' म्हणून बोलावलं तर स्पष्ट नाही सांगा, तो कितीही मोठा माणूस असो. 'तुमच्या मुलीला सिरियलमध्ये घेतो, आधी फोटोंच्या पोर्टफोलिओचे एवढे भरा' असं म्हणणारे लोक गावोगाव फिरतात. त्यांना दारातूनच परत पाठवा. काम देणारा माणूस नटाकडून पैसे घेत नसतो. असे पैसे गेलेल्या आया माझ्यापुढे बसून रडल्या आहेत.

बाळा, आता परत तू.

राज्य नाट्य स्पर्धा साठहून जास्त वर्षं चालू आहे आणि तिची सोलापूर केंद्रावरची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी हुतात्मा स्मृती मंदिरात होते. तिकीट अगदी नाममात्र असतं. यंदा पप्पा-आईला घेऊन एक तरी नाटक बघ. तिसऱ्या घंटेच्या आधी जाऊन बस. आणि आधीच सांगते, सगळी नाटकं चांगली नसतात. कुठे कंटाळा आला ते लक्षात ठेव, घरी येऊन लिही, का आला ते. चांगल्या नाटकापेक्षा फसलेल्या नाटकातून नववीतल्या मुलीला जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

आणि तुमची स्पर्धा झाली, मुलं बक्षिसाची वाट बघत बाहेर पांगली, की विंगेतून निघायच्या आधी दोन मिनिटं माग. रिकाम्या रंगमंचावर उभी राहा आणि सरपंचबाईंचं पहिलं वाक्य दोनदा म्हण: एकदा सरांना हवं होतं तसं, पट्टी फडफडवून शिकलेल्या मराठीत, आणि एकदा तुझ्या घरच्या मराठीत. मैत्रिणीला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांग. रात्री आई सूप बाजूला ठेवून जेवायला बसली की तिला दोन्ही ऐकव. यातल्या कुठल्या सरपंचबाईंना ती मत देईल ते विचार, आणि काय म्हणाली ते मला कळव.

तुझी,
अक्का